मधला छर्रा

ज्या माणसापायी मी एका दसऱ्याला मरता मरता वाचलो, त्याच्याच घरात त्यानंतरही मी भाड्याने राहिलो. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी माझ्या अकलेविषयी शंका येते. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्या दिवशी मोडलेला हात गळ्यात बांधून मी ओसरीवर पडलो होतो, आणि तेव्हा त्या माणसाच्या तोंडून जे ऐकलं ते अजून कानात आहे. त्याहून मोठा धक्का पुढे बसायचा होता, हे तेव्हा मला कुठून कळणार?

सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. माले गावच्या शाळेवर माझी बदली झाली ती एकोणीसशे साठच्या सुमारास. नवं लग्न, बरोबर बायको, आणि गावात भाड्याने द्यायला खोली असलेलं घर एकच. रस्त्याच्या कडेचं, तात्यांचं. खोली मागायला गेलो तेव्हा ते ओसरीवर उकिडवे बसले होते. उंच, सडसडीत अंगाचे; मिशा पांढऱ्या, पण टोकं अजून वर वळवलेली; वर खाकी शर्ट आणि खाली धोतर. मी कोण, कुठला, पगार किती, त्यांनी काही विचारलं नाही. "हात दावा," म्हणाले. मला वाटलं, ज्योतिष बघत असतील. मी उजवा हात पुढे केला. गाय विकत घेणारा जसा कास चाचपतो तसा त्यांनी तो बोटाबोटाने चाचपला, मनगट दाबलं, तळवा उलटा केला आणि सोडून दिला.

"मऊ हाय. पर थरथरत न्हाई. ऱ्हावा."

एवढ्यावर खोली मिळाली. बायको म्हणाली, असल्या माणसाच्या घरात मी राहायची नाही. पण दुसरी खोली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात तात्या इटलीत होते. मोटारसायकलवरून एका तळावरून दुसऱ्या तळावर निरोप पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्या लढाईबद्दल ते अवाक्षर काढत नसत. विचारलं तर तिथली द्राक्षं आंबट असतात, एवढं सांगत. परत आल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी तसलीच एक विलायती मोटारसायकल घेतली. गाव तिला फटफटी म्हणायचं, पण तात्यांसमोर नाही. त्यांच्या तोंडी ती 'मशीन' होती. दुसऱ्याच्या घरात जिथे भाताची कणगी असते, तिथे ती उभी असे, अंगावर चांगली जाड घोंगडी घेऊन. पाहुणा आला की त्याला सतरंजी मिळे. घोंगडी मी कुणा पाहुण्याला मिळालेली पाहिली नाही.

या माणसाचा एक विशेष माझ्या लवकरच लक्षात आला. आपलं काही चुकलं, असं कबूल करायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. एकदा त्यांच्या मुलीने, हौसाने, चहा ठेवला आणि साखर आणायला शेजारी गेली. तात्यांनी स्वतःच डब्यातून घेऊन चहात मीठ घातलं. मी समोर होतो. पहिल्या घोटाला त्यांच्या मिशा जागच्या हलल्या. मग त्यांनी शांतपणे सगळा कप संपवला आणि इटलीत चहा असाच पितात, असं मला सांगितलं. झालं, पुढे कित्येक दिवस मी चहाला गेलो की ते मला दाखवून कपात चिमूटभर मीठ घालत. शेवटी मीच त्या वेळेला जायचं बंद केलं, माणसाला निदान एक चहा तरी गोड मिळावा म्हणून. आणखी एकदा पुण्याहून येताना ते भोरच्या एस.टी.त बसले. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा गाडी कात्रज ओलांडत होती. उतरायचं सोडून त्यांनी भोरचं तिकीट काढलं, रात्र तिथल्या धर्मशाळेत काढली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर तांदूळ घेऊन आले. म्हणे त्यासाठीच गेलो होतो. घरात स्वतःचा आंबेमोहोर कणगीभर होता.

आम्ही यावर हसायचो. हौसा हसायची नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बापासारखीच उंच, बापासारखीच मोजकं बोलणारी. दोन एकर भाताची शेती, एक म्हैस आणि एक बाप, हे सगळं तीच सांभाळायची. तात्यांच्या अशा गोष्टी आम्ही सांगायला लागलो की ती उठून गोठ्यात जायची.

दसऱ्याच्या आधी तात्या मशीनचा क्लच उघडत. दर वर्षी. त्या दिवशी ते उपास करत. कोंबड्या डालग्याखाली जात, कुत्र्याला मागच्या परड्यात बांधत आणि ओसरीवर जुनं पांढरं धोतर अंथरलं जाई. शेजारी घासलेटने भरलेली परात. वहाणा काढून, पाय धुऊन तात्या त्या धोतरासमोर बसत. एकेक भाग निघे तसा घासलेटात बुडे, पुसला जाई आणि धोतरावर ओळीने ठेवला जाई. त्या ओळीवरून कुणी पलीकडे पाय टाकायचा नाही.

मी पहिल्यांदा बघत बसलो तेव्हा त्यांनी मला क्लच समजावून सांगितला होता. भाकरीच्या तव्यासारख्या चकत्या एकीवर एक रचलेल्या. एक साधी, एक बुचं बसवलेली, पुन्हा एक साधी. मूठ सोडलेली असते तोवर स्प्रिंगा त्यांना घट्ट आवळून धरतात आणि इंजिनचा जोर चाकाला जातो. मूठ दाबली की आतली काडी पुढे सरकते आणि चकत्या सुट्या होतात. मग इंजिन आपलं चालत राहतं, चाकाला त्याची खबर नसते. ही बुचं म्हणजे खरोखरीची, बाटलीच्या तोंडाला असतात तसली. झिजली की तात्या पौडच्या सरकारी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांची जुनी बुचं मागून आणत. दारूबंदीचे दिवस, दुसरीकडे बुचं मिळायची कुठे? ती गरम पाण्यात भिजवायची, एकेक करून चकतीच्या भोकात दाबून बसवायची, मग काचेवर बारीक पॉलिशकागद पसरून चकती गोल गोल घासायची, सगळी बुचं एका पातळीला येईपर्यंत. हे सगळं तात्या आढ्याकडे तोंड करून, डोळे अर्धवट मिटून करत. बोटांनी चकती चाचपत आणि मान हलवत. मला ते एखाद्या गवयासारखं वाटे. बायकोलाही मी तसं सांगितलं होतं.

ज्या दसऱ्याची गोष्ट सांगतोय त्या वर्षी हौसाचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा नेरे गावचा, पुण्याला एका कारखान्यात कामाला. कुणाच्या तरी हळदीला दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि हौसाला तो मनातून पसंत होता. तिने हे आमच्या घरात, माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि सांगताना ती हसली होती. बायकोला त्याचंच अप्रूप वाटलं. दिवाळीनंतर साखरपुडा करायचा, अशी बोलणी झाली होती. दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्ताने मुलगा आणि त्याचे मामा आले.

पुरणपोळीचं जेवण झालं. मशीनला झेंडूची माळ घातलेली होती, हळदकुंकू लावलेलं होतं. मुलगा तिच्याभोवती फिरून बघत होता. आपल्या मुकादमाची मोटारसायकल आपण कधीमधी चालवतो, असं तो बोलून गेला. बोलण्यात ऐट नव्हती, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला बिचारा. तात्या लगेच म्हणाले, मग काढा बाहेर, ओढ्यापर्यंत जाऊन या. त्यांचा स्वतःचा गुडघा धरला होता. गेलं वर्षभर ते मशीनवर बसलेच नव्हते. मला म्हणाले, मास्तर, तुम्ही मागे बसा, पाहुण्याला रस्ता ठाऊक नाही. रस्ता एकच होता आणि सरळ होता. तरी मी बसलो. सणाचा दिवस, पोट भरलेलं, नाही कशाला म्हणा?

गावाबाहेर रस्ता ओढ्याच्या फरशीकडे उतरतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, त्या दिवसांत पाण्याने भरलेली, भात नुकतं पोटरीला आलेलं. वरपर्यंत मुलाने गाडी नीट आणली. उताराला लागलो तर खालून गवताने भरलेली बैलगाडी वर चढत होती, सगळा रस्ता व्यापून. त्याने क्लच दाबला. मला मागून दिसलं, त्याने पुन्हा दाबला. मूठ सैल पडली होती, दात नसलेल्या तोंडासारखी. दाबली तरी आत काही हलत नव्हतं. आता वाटतं, रेस कमी करून ब्रेक दाबला असता तर गाडी आचके देत थांबली असती. पण त्या जुन्या मशीनची रेस हात काढला तरी आपोआप मागे फिरत नसे, ती स्वतः फिरवावी लागे. आणि त्या पोराचं सगळं लक्ष त्या एका मुठीत अडकलं होतं. बैलांची शिंगं समोर दिसायला लागली. त्याने उडी मारली.

मागे मी. पुढे मोकळं हँडल. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेलं नाही. बैल बिचकून एका अंगाला झाले, मशीन त्यांच्या आणि बांधाच्या मधून निघून गेली आणि बांध उडवून खाचरात पडली. मी तिच्यापुढे चिखलात. चिखल होता म्हणून वाचलो. उजव्या हाताचं हाड मात्र मोडलं. गाडीवानाने मला ओढून वर काढलं, तोवर तो मुलगा धावत आला. कोपरं सोललेली, तोंड पांढरंफटक. मी दाबत होतो गुरुजी, दाबत होतो, एवढंच तो परत परत म्हणत होता.

मला ओसरीवर आणून निजवलं. गावातल्या एकाने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. दुसऱ्या दिवशी पौडला जाऊन प्लॅस्टर घालायचं ठरलं. बायको उशाशी बसून रडत होती. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. मुलाचे मामा संतापले होते, आणि का संतापू नये? असली मोडकी गाडी तुम्ही आमच्या पोराच्या हातात दिलीत कशी, असं त्यांनी तात्यांना सगळ्यांसमोर विचारलं.

तात्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मशीन मोडकी न्हाई. क्लचच्या काडीत मधी एक छर्रा असतो, पोलादी गोळी. त्यो म्या काढून ठिवला व्हता."

मामांना आधी कळलंच नाही. कशासाठी, म्हणून त्यांनी विचारलं.

"ऐन वक्ताला पाव्हणं काय करत्यात, ते बघायचं व्हतं. बघितलं."

मी आडवा होतो तो उठून बसलो. हाताची कळ मस्तकात गेली.

"तात्या, मागं मी बसलो होतो."

"तुमी उडी मारली न्हाई," ते म्हणाले. "तुमचा काय दोस न्हाई मास्तर."

मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायलाही काही ताकद लागते. ज्या माणसाला मी रोज सकाळी रामराम करत होतो, ज्याच्या घरच्या म्हशीचं दूध माझी बायको तापवत होती, तो माणूस शांतपणे सांगत होता की त्याने मला जाणूनबुजून त्या गाडीवर बसवलं. त्याच्या चेहऱ्यावर ना लाज, ना पश्चात्ताप. नजर कुठेतरी माझ्या डोक्यावरून पलीकडे.

मामांनी टोपी डोक्यावर घातली. आमचा पोरगा जिता राहिला हेच खूप झालं, आता या घरची सोयरीक नको, असं म्हणून ते अंगणात उतरले. मुलगा मान खाली घालून त्यांच्या मागे गेला. हौसा दाराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने एकदा बापाकडे बघितलं, एकदा जाणाऱ्या पाहुण्यांकडे, आणि आत जाऊन उष्टी भांडी उचलायला लागली.

पुढचे दिवस मी रागात काढले. प्लॅस्टर उतरेपर्यंत तात्या रोज सकाळी दुधाचा तांब्या घेऊन येत, पायथ्याशी बसत आणि मला पेपर मोठ्याने वाचायला लावत. मास्तर लोकांचं वाचणं ऐकायला बरं वाटतं म्हणत. माफीचा एक शब्द नाही. बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी दुसऱ्या खोलीची चौकशी केली, पण नव्हतीच तर मिळणार कुठून? आणि गावाचं म्हणाल, तर निम्मं गाव तात्यांचं कौतुक करत होतं. कसा नवरदेव पारखला, म्हणून. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीही आपल्या मुलासाठी हौसाला मागणी घातली नाही. आमचे हेडमास्तर म्हणत, तात्यांचा जावई व्हायचं तर आधी विमा उतरवायला हवा. हा विनोद पार पौडच्या बाजारापर्यंत गेला. दोन पावसाळे गेले. मुलगी बघायला म्हणून कुणी आलं तरी गावात पाय टाकल्यावर त्यांना ही हकीकत कळायची, आणि ते चहा पिऊन उठायचे.

असेच एकदा पाहुणे येऊन परत गेले. भातझोडणी चालू होती, तात्या खळ्यावर होते. हौसा ओसरीवर सूप घेऊन बसली होती. माझा राग पुन्हा वर आला. मी तिला म्हणालो, तुझ्या वडिलांनी मला मारायला काढलं ते मी विसरेन एक वेळ, पण त्यांनी डोळे उघडे ठेवून तुझं नुकसान केलं, ते मला विसरता येत नाही.

तिचे हात थांबले.

"डोळं उघडं ठिवून? गुरुजी, तात्यांना दिसतंय कुटं?"

ती हळू आवाजात सांगत गेली. डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला होता, आधी एका, मग दुसऱ्या. माणसाचा आकार कळायचा, उजेड-अंधार कळायचा. बाकी सगळं ते हाताने आणि कानाने चालवत होते. गुडघा बिलकूल दुखत नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बघितलं, तर तात्या गुडघ्यांवर बसून ओसरीची जमीन दोन्ही तळव्यांनी चाचपत होते, कोपरान् कोपरा. ती काही बोलली नाही. नंतर तिने परातीतलं घासलेट चिमणीत घालायला म्हणून फडक्यातून गाळलं, आणि फडक्यात हरभऱ्याएवढा छर्रा राहिला. धुताना तो तळाशी गेला होता आणि तात्यांना सापडला नव्हता. त्याच्याशिवाय क्लच जोडला, स्क्रू आवळला, ओसरीवर मूठ चालली; त्यांना वाटलं छर्रा आत बसला. वाटेत स्क्रू ढिला पडला आणि मूठही.

"त्यांनी काढून ठिवला न्हवता, गुरुजी. त्यांच्या हातनं ऱ्हायला."

रोजचं ते पेपर वाचून घेणं, आढ्याकडे तोंड करून चकत्या घासणं, डब्यातलं मीठ, भोरची एस.टी., सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. मी शिकलेला माणूस, एका भिंतीपलीकडे राहत होतो, आणि या घरातलं मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. मी तिला विचारलं, मग तू बोलली का नाहीस? त्याच दिवशी नेऱ्याला निरोप पाठवला असता तर तुझं लग्न झालं असतं.

"बोलले आसते, तर त्यांनी पुन्हा मशीनला हात लावला नसता. मंग दिसभर त्यांनी करायचं काय?" आणि थोडं थांबून ती म्हणाली, "उडी तर मीबी मारली आसती. त्याचा मला राग न्हाई."

मी तसाच खळ्यावर गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तात्या पेंढ्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सरळ म्हणालो की छर्रा तुम्ही काढलेला नव्हता, तो घासलेटात राहिला होता.

त्यांनी नाकारलं नाही, याचंच मला नवल वाटलं. बराच वेळ ते हातातली काडी मोडत बसले. मग म्हणाले, "पोरीला सांगू नगा. बापाला दिसत न्हाई म्हणल्यावर ती लगीन करायची न्हाई. हितंच ऱ्हाईल माजी काठी हून."

हे खरं होतं, की तेही त्यांनी मागाहून जुळवलेलं कारण होतं, मला आजही सांगता यायचं नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, तात्या, तिला दुसऱ्याच दिवशी कळलंय. घासलेट गाळताना छर्रा तिलाच सापडला.

त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझे शब्द मला परत घ्यावेसे वाटले. त्या माणसाने इटलीत काय काय सोसलं असेल देव जाणे. पण त्या क्षणी तो खचला. तोंड अर्धवट उघडं राहिलं. मिशा एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"म्हंजे पोरगी दोन वरसं गप हाय," ते म्हणाले, मला नव्हे, कुणालाच नव्हे. मग उठले, आणि बांध उतरताना त्यांनी माझा खांदा धरला.

पुढे पुण्याच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. हौसाचंही लग्न झालं, घोटावड्याला, एस.टी.त ड्रायव्हर असलेला माणूस, पहिली बायको गेलेला, स्वभावाने चांगला. ती आता तिथे नांदते. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी तात्यांनी नेऱ्याला जायचं काढलं, आणि मला बरोबर घेतलं.

फाट्यापर्यंत एस.टी., पुढे काही बैलगाडी, काही पायी. मुलगा रजेवर घरी होता. आम्हाला बघून तो दचकून उभा राहिला. त्याच्या कडेवर आठ-दहा महिन्यांचं मूल होतं. आतून त्याची बायको पाणी घेऊन आली. तात्यांनी पाण्याला हात लावला नाही, घोंगडीवर टेकले नाहीत. मामा घरात होते, त्यांना त्यांनी बोलावून घेतलं. दोन शेजारी होते ते उठून जायला लागले, तर त्यांनाही थांबा म्हणाले.

"त्यो छर्रा माज्याकडनं ऱ्हायला व्हता," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. परीक्षा-बिरीक्षा काय न्हवती. माजी चूक झाली."

मी आजवर त्यांच्या तोंडून न ऐकलेलं वाक्य. त्यांचा आवाज अजिबात हलला नाही, पण धोतराचा सोगा धरलेली मूठ पांढरी पडली होती.

मामा काहीतरी पुटपुटले. झालं गेलं गंगेला मिळालं, अशा अर्थाचं. मुलगा मात्र मूल या कडेवरून त्या कडेवर घेत उभा होता. मग तो बोलला, आणि पुन्हा एकदा मला काय ऐकतोय ते कळेना.

"तात्या, मामा नुसतं रागानं बोलले व्हते. दिवाळीला ते तयार झाले व्हते. मीच न्हाई म्हणालो." त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "गुरुजींना मागं सोडून मी उडी मारली. ती दारात उभी व्हती. तिच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?"

चहा आला, आम्ही प्यालो, निघालो. परतीच्या वाटेवर पौड आल्यावर तात्यांनी एवढंच विचारलं, की तो पोरगा म्हणाला ते खरं वाटलं का. मी हो म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. हौसा अंगणात तांदूळ निवडत होती. तात्या तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. छर्रा, डोळे, स्वतःची चूक, नेऱ्याला कोण काय बोललं ते. त्या मुलाने नाही का म्हटलं, आणि आता त्याला लेकरू आहे, तेही गाळलं नाही. मी बाजूला उभा होतो. जावं की थांबावं मला कळेना. ती मान खाली घालून ऐकत होती. खडे बाजूला काढत होती. तात्यांचं बोलून संपलं तरी तिची बोटं चालूच होती. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा बापाला काहीतरी लागेल असं बोलेल.

"पोरगं कुनावर गेलंय?" तिने विचारलं.

तात्यांना त्या लेकराचा चेहरा दिसलाच नव्हता. त्यांनी हळूहळू माझ्या दिशेला तोंड वळवलं.

"बापावर," मी म्हणालो.

"बरं झालं," हौसा म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.